जोडीदाराचा अहवाल

"आत सरक, खिडकी तुला," म्हणत जोतीरामनं बाळासोला गाडीत पुढं ढकललं आणि स्वतः त्याच्या उजव्या हाताला बसला. बसल्या बसल्या त्यानं बाळासोच्या नव्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "आज सुपरवायझर हून येतुयास गड्या. मी आपला तुज्या सोबतीला."

"आसं का म्हंतुयास? तुजी बी मुलाखत हायच की."

"हाय म्हणायला. पर मला शिकिवलं कुणी? तूच न्हवं?"

बाळासो बंडगर नुसता हसला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत तो बावीस वर्षं कामाला होता, आणि एवढ्या वर्षांत साताऱ्याच्या मुख्य कार्यालयानं त्याला कधी बोलावलं नव्हतं. आज लेकीनं, पल्लवीनं, सदऱ्याला इस्त्री करून दिली होती. बायकोनं, मायाक्कानं, डब्यात शेंगाची पोळी घातली होती. जागा एक आणि जाणारे दोघं, तरी बाळासोला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याला मिळाली तर उत्तमच, नाही तर जोतीरामला मिळेल, म्हणजे घरातल्या घरातच राहिली. माणूस भोळा असला की त्याचं घर फार मोठं असतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. ट्रकच्या चाकांचे ब्रेक ड्रम ओतून, निवून, साफ होऊन आले की एकेक आकड्याला टांगायचा, लहान हातोडीनं ठोका मारायचा आणि ऐकायचं. चांगला नग टण्ण करून वाजतो आणि वाजतच राहतो. आत कुठं केसाएवढा तडा असला तरी तो बद्द वाजतो. बाजारात मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात, त्यातलाच हा प्रकार. बाळासोनं पास केलेला नग बावीस वर्षांत कधी परत आला नव्हता. बाळूदादाचा ठोका म्हणजे ब्रह्मवाक्य, असं कारखान्यात म्हणत. बारा वर्षांमागं जोतीराम हेल्पर म्हणून आला, तेव्हा त्याला टण्ण कुठलं आणि बद्द कुठलं तेही कळत नव्हतं. बाळासोनं त्याला डोळे मिटायला लावून महिनाभर शिकवलं होतं.

आता ही मुलाखत कुठून उगवली ते सांगायला हवं. गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून संयोगिता मॅडम आल्या. वयानं तरुण, बोलायला गोड, साध्या कामगारालाही अहो-जाहो करणाऱ्या. त्यांनी एक योजना आणली होती, 'सहकारी प्रगती गट'. चौघाचौघांचा गट करायचा. दर पंधरा दिवसांनी शनिवारी तीन वाजता कँटीनमध्ये खुर्च्या गोल मांडून बसायचं. आपल्याला काय येतं, काय येत नाही, पुढं काय व्हायचंय ते एकमेकांना मोकळेपणानं सांगायचं आणि एकमेकांना हात देत वर चढायचं. शिकवायला वरून कुणी येणार नाही, तुम्हीच एकमेकांचे गुरू. वर्षाअखेर सुपरवायझरची जागा भरायची ती गटातूनच. कामगारांनी एवढं लांबलचक नाव कशाला घेत बसावं? त्यांनी नाव पाडलं 'गोल'. वाळूचे साचे करणाऱ्या विभागातली राहीबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला 'घोळ' म्हणायची. घोळ म्हणूनही सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, कारण गोलात चहाबरोबर बटाटेवडा असायचा.

बाळासो, जोतीराम, राहीबाई आणि भट्टीवरचा तानाजी असा चौघांचा गट झाला. पहिल्याच गोलात मॅडमनी छापील कागद पुढं केला. इथं बोललेलं इथंच राहील, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली सह्या करायच्या होत्या. तानाजीनं कागद उलटापालटा करून बघितला.

"सही काय मॅडम, आमी रोज मस्टरवर बी करतो. सहीनं कुणाचं त्वांड बंद हुतंय? बाळूदादा, तुज्या डब्याच्या पिशवीत भंडारा असतो न्हवं?"

असायचा. बाळासोचं गाव कवठेमहांकाळच्या बाजूला, घराणं मेंढरामागं फिरलेलं, कुलदैवत आरेवाडीचा बिरोबा. भंडाऱ्याची पुडी त्याची आई हरणाबाई दर जत्रेला भरून द्यायची. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तानाजीनं चिमूट उचलून कपाळाला लावली. राहीबाईनं लावली. बाळासोनं लावली. मॅडमनीही "किती छान!" म्हणत लावली आणि मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढला. जोतीराम तेवढा हात मागं घेऊन बसला.

"मला सुतक हाय. चुलता वारून सा दिस झालं."

सुतकात भंडाऱ्याला शिवायचं नसतं, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. पुढच्या गोलात बाळासोनं आठवणीनं पुडी त्याच्यापुढं धरली. "फिटलं न्हवं सुतक? उचल आता." जोतीरामनं ती पुडी त्याच्याच मुठीत परत दाबली.

"आपल्या दोगात शपथा लागत्यात व्हय रं?"

बाळासोची छाती वीतभर फुगली. खरंच, आपल्या दोघांत कसली शपथ? त्यानं पुडी पिशवीत ठेवून दिली.

गोल चांगला चालला होता, हे मान्य करायलाच हवं. बाळासोनं तानाजीला मोजमापं घ्यायला शिकवलं. जोतीरामनं बाळासोला संगणकावर नोंदी करायला शिकवलं. पहिल्यांदा माऊस हातात घेतला तेव्हा बाळासोच्या कपाळावर भट्टीपुढं येत नाही एवढा घाम आला, आणि सगळी पोट धरून हसली. अशा ठिकाणी माणसाला वाटतं, ही आपली माणसं. मग माणूस पोटातलं बोलतो.

दिवाळीनंतरच्या गोलाला विषय होता 'माझा अडथळा'. मॅडम म्हणाल्या, "अडथळा सांगितला तरच तो दूर करता येतो." कुणी वड्याकडं बघत बसलं, कुणी पंख्याकडं. बाळासो वयानं सगळ्यांत थोरला. पंगतीत थोरल्यानं घास उचलल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत, तसं काहीसं त्याला वाटलं असावं. त्यानं घसा खाकरला.

"मला एका कानानं ऐकू येत न्हाई. दोन वर्सं हुतील."

तानाजीच्या हातातला वडा हातातच राहिला. "आन मंग ठोका कसा ऐकतुयास?"

"एक कान चांगला हाय की. आन हात हाय." त्यानं तळहात उघडून दाखवला. "ठोका मारला की लगीच कडंला हात लावायचा. चांगला नग हाताला लय येळ मुंग्या आनतो. तडा आसंल तर हात लावस्तवर मेलेला असतो. दोन वर्सांत एक नग चुकला न्हाई माजा."

राहीबाईनं पदरानं डोळे टिपले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. बाळासोला डोक्यावरची पाटी उतरल्यासारखं हलकं वाटलं. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मायाक्कालासुद्धा नाही. त्या दिवशी पाळी सुटल्यावर गाड्या लावायच्या जागेकडं जाताना जोतीरामनं विचारलं, "कंचा कान रं?"

"डावा."

जोतीराम काही न बोलता वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आला. तेव्हापासून तो कायम उजव्या बाजूनंच चालायचा, उजव्या बाजूलाच बसायचा. बाळासोला त्याचं केवढं कौतुक वाटायचं. सख्ख्या भावाला सुचलं नसतं, असं तो मनाशी म्हणायचा.

मार्चमध्ये मॅडमनी शेवटचे कागद वाटले. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा अहवाल लिहायचा होता. बाळासोचा जोडीदार अर्थातच जोतीराम. बाळासोनं पल्लवीला समोर बसवलं आणि सांगितलं, "लिव, मानूस लय इश्वासू हाय." पल्लवी म्हणाली, "पप्पा, विश्वासू." "आगं, त्येच. जाड अक्षरात लिव." बंद पाकिटं साताऱ्याला गेली आणि एप्रिलमध्ये दोघांनाही बोलावणं आलं.

मुलाखतीची खोली थंडगार होती. समोर कारखान्याचे प्रमुख उदयसिंह साहेब आणि शेजारी संयोगिता मॅडम. तिसरे एक वयस्कर साहेब टेबलाला बसलेच नव्हते. ते बाळासोच्या डाव्या हाताला, जरा मागं, भिंतीलगत खुर्ची टाकून बसले होते. जागा पुरली नसेल, असं बाळासोला वाटलं.

"एका पाळीत दहा नग बाद निघाले तर सुपरवायझर म्हणून काय कराल?" उदयसिंह साहेबांनी विचारलं.

"आदी वाळू बगीन साहेब. वाळू ओली आसंल तर भट्टीवाल्याला बोलून काय उपेग? आन मानसावर आदी वराडणार न्हाई. वराडलं की मानूस चुका झाकतो."

साहेबांनी मान डोलावली. अजून चार प्रश्न झाले, चारही उत्तरं नीट गेली. बाळासो खुर्चीत जरा सैल झाला. मग एकदम खोलीत कुणी काही बोलेना. मॅडम त्याच्या डाव्या बाजूला बघत होत्या. मग त्यांनी त्याच्याकडं बघितलं, दवाखान्यात खाटेवरच्या माणसाकडं बघतात तसं.

"बाळासो, साहेबांनी तुम्हाला काही विचारलं," उदयसिंह साहेब म्हणाले.

तो वळला. मागचे वयस्कर साहेब हातातलं पेन बंद करत होते. "तीनदा विचारलं," ते म्हणाले. "असू द्या."

बाळासो उठून उभा राहिला. "साहेब, मी काय लपिवलं न्हाई. हितं एक नग आना. डोळं बांदा माजं. हात लावून सांगतो मी."

"पुढच्या वेळी बघू," उदयसिंह साहेब मऊ आवाजात म्हणाले. "तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे."

बाहेर व्हरांड्यात जोतीराम त्याच्या उजव्या अंगाला आला. "कसं झालं रं?" तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं आणि तो केस सारखे करत आत गेला. बाळासो बाकावर बसला. एक कान गेलाय, हे गोलातल्या सगळ्यांना माहीत होतं. मॅडमना माहीत होतं, तानाजीला होतं, राहीबाईला होतं. पण खुर्ची बरोबर डाव्या बाजूला मांडलेली होती. डावा म्हणून तोंडानं त्यानं एकालाच सांगितलं होतं. त्यानं ते चारदा मनात फिरवून बघितलं. चारही वेळा तोच माणूस समोर आला, आणि तो माणूस आत होता.

अर्ध्या तासानं जोतीराम बाहेर आला. परतीच्या गाडीत बाळासो उजव्या खिडकीला जाऊन बसला. जोतीराम दारातच घुटमळला.

"हिकडं कुटं बसलायस?"

"बस. जागा हाय की डावीकडं."

जोतीराम बसला. रस्ताभर तो काहीबाही बोलत असावा, कारण त्याचे हात हलताना दिसत होते. बाळासोनं मान वळवली नाही. उंब्रजला ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली, तेव्हा दोघं टपरीच्या कडेला उभे राहिले. हायवेवरून गाड्या जात होत्या. बाळासोनं चहाला तोंड लावलं नाही.

"जोत्या, कान डावा हाय, हे कुनाला ठाव हुतं?"

जोतीरामनं कप खाली ठेवला. नाही म्हणाला असता तर बाळासोनं कदाचित विश्वास ठेवलाही असता. त्याला ठेवायचाच होता.

"फारमात रकाना हुता," जोतीराम म्हणाला. "जोडीदाराचा अडथळा. मोकळा ठिवता येत न्हवता."

"माज्या बी फारमात हुता."

"खोटं न्हाई लिवलं म्या. उद्या तडा गेलेला नग निसटला आन कुटं ट्रक पलटी झाला तर? मानसं मरतील बाळ्या."

"दोन वर्सांत निसटला एक तरी?"

"न्हाई."

"हात लावून बगतो, आन चुकत न्हाई, हे लिवलंस का मंग?"

जोतीरामनं खाली ठेवलेला कप परत उचलला.

"मी तुज्या रकान्यात काय लिवलं सांगू? इंग्रजी बोलायला भितो, येवडंच. दिवाळीच्या घाईत तू न ठोकताच नगांवर पासची खूण मारलीस, ते न्हाई लिवलं."

जोतीरामचा चेहरा उतरला. "तुला… ठाव हुतं?"

"पाळी सुटल्यावर मागं थांबून नव्वद नग ठोकलं म्या. दोन बद्द निगालं. कुनाला बोललो न्हाई. तुला बी न्हाई." बाळासोनं न प्यालेला चहा कडेला ओतून दिला. "आरं, लिवायचं हुतं तर मला सांगून लिवायचंस. मी न्हाई म्हनलो नसतो. भंडारा उचलला हुता आपन."

जोतीरामनं इकडंतिकडं बघितलं. मग खालच्या मानेनं, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "तुमी उचलला हुता. मला सुतक हुतं."

बाळासो त्याच्याकडं बघतच राहिला. हे उत्तर आत्ता सुचलेलं नव्हतं. हे तयार होतं. म्हणजे रकाना भरायला बसला तेव्हा ह्या माणसाला बिरोबा आठवला होता, त्यानं देवापासून सुटायची वाट आधी मोकळी करून घेतली होती, आणि मगच पेन उचललं होतं. देवाचं भय होतं, दोस्ताची लाज तेवढी नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दोघं गाडीत जाऊन बसले, मघाच्याच जागांवर.

घरी मायाक्का दारातच उभी होती. तोंड बघूनच तिनं काय ते ओळखलं. हातपाय धुऊन झाल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं, गोल, अहवाल, डाव्या बाजूची खुर्ची. ती ऐकत होती. मध्ये पल्लवी येऊन टेकली, तिला मायाक्कानं चहाच्या निमित्तानं आत पाठवलं.

"तुला सांगितलं न्हाई म्या कानाचं," बाळासो म्हणाला. "उगं घोर लागंल म्हणून."

"मला कशाला सांगाय पायजे?" मायाक्का म्हणाली. "दोन वर्सं झाली, मी तुमच्या उजव्या अंगानंच बोलतीया."

बाळासोनं मान वर केली.

"ताट वाढताना कवा डाव्या बाजूला बसली का? बगा आटवून." तिचा आवाज शांत होता, पण डोळे भरले होते. "मी वाट बगत हुते, तुमी कवा सांगताय त्येची. आन तुमी सांगितलं कुनाला, तर त्या खुर्च्यावरच्या लोकास्नी."

ज्यांनी न सांगता ओळखलं त्यांना सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी लिहून दिलं. त्या दिवशी शेंगाची पोळी डब्यातून जशीच्या तशी परत आली होती. ती मायाक्कानं गरम करून त्याच्यापुढं ठेवली आणि तो जेवेपर्यंत जवळ बसून राहिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. जोतीराम सुपरवायझर झाला आणि राखाडी शर्ट घालून फिरू लागला. बाळासोच्या कानाची तपासणी झाली. नगांचा आवाज मोजायला एक यंत्र आलं, आणि बाळासोच्या हातातली हातोडी जाऊन पॅकिंगमध्ये पट्ट्या आवळायचं काम आलं. कंपनीनं त्याला कानामागं लावायचं मशीन दिलं. संयोगिता मॅडमनी ते स्वतःच्या हातानं दिलं आणि त्याचा फोटो काढला. कारखान्यात ते मशीन लावलं की भट्टी, क्रेन, पंखे, सगळं एकदम डोक्यात शिरायचं, म्हणून तो ते खिशात ठेवायचा. मॅडमना त्यानं एकदाच विचारलं होतं, "इथं बोललेलं इथंच ऱ्हाईल म्हनला हुता न्हवं?" मॅडम मनापासून म्हणाल्या, "इथंच राहिलंय की, बाळासो. फक्त निवड समितीनं बघितलं." त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच त्यातली खरी अडचण होती.

जून उजाडला आणि नव्या वर्षाचे गोल सुरू झाले. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. गट तोच, फक्त जोतीराम आता गटाचा मार्गदर्शक म्हणून मांडीवर वही घेऊन बसला होता. मॅडमनी सुरुवातीलाच बाळासोकडं हात केला.

"हे आपलं उदाहरण आहे. बाळासोंनी न घाबरता आपला अडथळा सांगितला. कंपनीनं त्यांची काळजी घेतली, मशीन दिलं, हलकं काम दिलं. मनात ठेवलं असतं तर हे झालं असतं का?"

तानाजी जमिनीकडं बघत होता. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माजा अडथळा म्हंजे मी लय काम करतो मॅडम. घरची वराडत्यात." जोतीरामनं ते वहीत लिहून घेतलं. मग राहीबाईची पाळी आली. गेलं अख्खं वर्ष तिनं 'माजं काय न्हाई' यापलीकडं काही सांगितलं नव्हतं. आज ती खुर्चीत पुढं सरकली, आणि दोन्ही हात तिनं मांडीवर उघडे ठेवले.

"मॅडम, बाळूदादाचं बगून म्हनते. माजं बी हाय एक. दिवाळीपास्नं माज्या बोटास्नी…"

"बोटं न्हवं मॅडम, यंत्र हाय त्ये!" बाळासो एवढ्या मोठ्यानं बोलला की पलीकडच्या गोलातले चौघं वळून बघू लागले. "मानसं मोजत्यात तवर तिचं दोन साचं जास्ती झालेलं असत्यात. अडथळा येवडाच, की आमी मागं पडतो."

सगळी हसली. राहीबाई गोंधळून त्याच्याकडं बघत राहिली. बाळासो हसत नव्हता. जोतीरामचं पेन वहीवर टेकून थांबलं होतं. राहीबाईनं आधी त्या पेनाकडं बघितलं, मग बाळासोकडं, आणि हळूहळू आपले हात पदराखाली घेतले.

"व्हय," ती म्हणाली. "बोटास्नी जरा इसावा मिळत न्हाई, येवडंच म्हनत हुते."

मॅडमनी फळ्यावर तिच्या नावापुढं 'कामाचा उत्साह' असं लिहिलं आणि बाळासोकडं वळल्या. "आणि तुम्ही? या वर्षी काय सांगाल?"

"माजं समदं बरं हाय," बाळासो म्हणाला.

गोल सुटला. वडे संपले. राहीबाई कँटीनच्या पायऱ्यांवर थांबली होती. बाळासो बाहेर आल्यावर ती त्याच्या उजव्या हाताला आली.

"का आडवलं वो दादा मला?"

"बोटास्नी काय हुतंय?"

"बदिर झाल्यात. काल चटका बसला, तर मला वासानं कळालं. कातडं जळल्याला वास आला तवा बगितलं." तिनं उजवा हात पुढं केला. दोन बोटांवर टरारून फोड आले होते.

बाळासोनं तो हात आपल्या तळहातावर घेऊन बघितला. "उद्या रजा टाक. मायाक्काला संगं धाडतो, सांगलीला सिव्हिलमंदी दावा. दोन बाया बरूबर असल्या की बरं पडतंय. आन हितं कुनाला बोलू नगंस."

"जोतीरामला बी?"

"जोतीरामला तर न्हाईच."

राहीबाईनं हात हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली झाकला.

"आन आता तुमाला सांगितलं, त्येचं काय वो दादा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि ती वाट बघत उभी राहिली. शपथ घ्यावी तर शपथेचं काय होतं ते त्यानं बघितलं होतं. नुसतं 'आपल्यात शपथा लागत्यात व्हय?' म्हणावं, तर ते आपणच कुणाकडून ऐकलंय, असं त्याला वाटलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. आत पाळीचा भोंगा झाला.

आपला प्रश्न ह्याला ऐकू आला नसावा, असं समजून राहीबाईनं मान हलवली आणि पदर खोचत ती आत निघून गेली. ती उभी होती त्याच्या उजव्या हातालाच.